लेझर घ्यायचं की लेझर बघायचं?

आबांचे पाय दारापाशी आले की जमिनीला चिकटतात. अंगणात बरे चालतात, पण उंबरठा दिसला की पावलं जागच्या जागी थरथरतात, अंग मात्र पुढं झुकलेलं. पार्किन्सनमधलं, म्हणजे कंपवातातलं, हे 'फ्रीझिंग'. डॉक्टरांनी जमिनीवर लेझरची रेघ टाकणाऱ्या काठीचा विषय काढला आणि दुसऱ्याच दिवशी वन्संचा फोन आला, "अगं, आमच्या इथं गुडघ्याला लेझर देतात की! दहा सिटिंग घेतल्या की पाय मोकळे. तिकडंच नेऊ आबांना."

वन्संची तरी काय चूक? नाव एकच आहे.

फिजिओथेरपीतला लेझर दुखऱ्या जागी कातडीवर धरतात. प्रकाश आत जावा, दुखणं आणि सूज उतरावी हा हेतू. किती ऊर्जा द्यायची ते ज्यूलमध्ये ठरवतात, आणि मशीन जोरदार असेल तर देणारा-घेणारा दोघांनाही गॉगल घालावा लागतो. गुडघ्याला त्याचा किती फायदा होतो, यावर जाणकारांतच एकमत नाही. फ्रीझिंगचं मूळ मात्र गुडघ्यात नसतंच.

काठीतला किंवा बुटातला लेझर पायाला काहीच करत नाही. तो समोर जमिनीवर एक आडवी रेघ टाकतो, बस्स. आपण चालताना पाऊल उचलायचा विचार करत नाही. ते काम मेंदूतला बेसल गँग्लिया हा भाग परस्पर बघतो. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामाइन हे रसायन कमी पडतं आणि हे परस्पर चालणारं काम अडतं. समोर रेघ दिसली की 'ही ओलांडायची' असं ठरवून पाऊल पडतं, आणि त्यासाठी मेंदू डोळ्यांकडून येणारी दुसरी वाट धरतो असं मानतात. म्हणूनच रेघ विझली की परिणामही बहुधा ओसरतो. चष्म्यासारखंच हे, लावला तेवढ्यापुरतं. चष्म्याचे कुठं कोर्स असतात?

ही युक्ती जुनीच. जमिनीवरच्या आडव्या रेघांनी पाऊल सुटतं आणि चालण्याच्या दिशेनं आखलेल्या उभ्या रेघांचा तसा उपयोग होत नाही, हे ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी 1967 मध्येच मांडलं होतं. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या लेझरच्या बुटांत एक पाय टेकला की त्या बुटातून दुसऱ्या पायासाठी रेघ पडते. 21 रुग्णांवरच्या चाचणीत, औषधाचा असर नसताना, पाय अडकण्याचे प्रसंग सुमारे 46 टक्क्यांनी कमी झाले. मात्र ती चाचणी प्रयोगशाळेतली होती. डोळ्यांसमोर रेघा दाखवणारे चष्मेही आलेत, पण आबा साधा चष्मा विसरतात, तिथं हा कुठं सांभाळणार!

सोलापुरात आणखी एक अडचण आहे: ऊन. एप्रिलच्या दुपारी बाहेर लाल रेघ दिसतच नाही. हिरवी त्यातल्या त्यात बरी, कारण आपल्या डोळ्याला हिरवा रंग जास्त उजळ दिसतो. म्हणजे ही वस्तू मुख्यतः घरातली, आणि तीही सगळ्यांना लागू पडते असं नाही.

म्हणून काठी मागवण्याआधी फिजिओंनी एक फुकटची परीक्षा सांगितली. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. पडवीतून आत येताना तिचे आडवे सांधे नेमके पायाखाली येतात, पण आबांना ते दिसत नसत. काळ्या दगडात काळाच सांधा. मी एकेका पावलाच्या अंतरावर पांढऱ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या, शेवटची उंबरठ्याच्या अलीकडं. पडू नयेत म्हणून हे एका बाजूनं धरून उभे राहिले. आबा थांबले, खाली बघितलं, आणि पहिली पट्टी ओलांडली. मग दुसरी.

काठी मागवलीय. वन्संनी परवा विचारलं, "मग, किती सिटिंग झाल्या?"