रॉबिन्होचा निकाल 2017 चा, बोंबाबोंब 2020 ची, जेल 2024 ची, मधे काय झालं?

मार्च 2024, होळी तीन-चार दिवसांवर आलेली. कामठी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या टपरीवर एक जण मोबाईल पुढं करून म्हणाला, "हे पाय बे, रॉबिन्हो गेला अंदर." रॉबिन्हो म्हणजे ब्राझीलचा फुटबॉलर. शेजारी खर्रा घोटत बसलेल्या काकांनी विचारलं काय केलं त्यानं. सांगितलं. त्यावर काका म्हणाले, "2013 चं लफडं आहे ना, मंग आत्ता काहून बोंबलून राहिले सारे?" आता लफडं हा शब्द त्यांचा, माझा नाही, बलात्काराला लफडं म्हणत नसतात. पण काकांचा प्रश्न खरा आहे. अकरा वर्षं कुठं होते सगळे? आणि "सगळे" मधे मी पण आलोच, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी. डिसेंबर 2002, ब्राझीलच्या लीगची फायनल, सांतोस विरुद्ध कोरिंथियन्स. अठरा वर्षांचा काटकुळा पोरगा बॉलवरून पाय फिरवत फिरवत समोरच्या डिफेंडरला मागं मागं रेटत पार बॉक्समधे घेऊन जातो, शेवटी तो बिचारा ह्याला पाडतो आणि पेनल्टी. तिकडं त्या ट्रिकला पेडालाडा म्हणतात, पेडल मारल्यासारखं दिसतं म्हणून, आणि आमच्या इकडं मैदानावर पोरं सरळ "सायकल मार बे" म्हणायची. मग 2005 ला रियाल माद्रिद, 2008 ला मँचेस्टर सिटी, तेव्हाच्या ब्रिटिश रेकॉर्डला, सव्वातीन कोटी पौंड. ब्राझीलकडून बरोब्बर 100 मॅचेस. 2 जुलै 2010 ला हॉलंडविरुद्ध क्वार्टरफायनल आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला होती, दहाव्या मिनिटाला ह्यानं गोल मारला तेव्हा आमच्या गल्लीत असा काही दंगा झाला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या भांडायला. मग ब्राझील 2-1 हरलं ते सोडा. माझ्याकडं बर्डीवरून घेतलेली पिवळी जर्सी होती, मागं 11 नंबर आणि नावात एक स्पेलिंग मिस्टेक.

म्हणजे नागपुरात, त्यातही कामठी, मोहननगर असल्या फुटबॉल खेळणाऱ्या भागात, हा माणूस घरातला होता. आणि घरातल्या माणसाबद्दल वाईट बातमी आली की आपण काय करतो? ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

बातमी अशी होती. 22 जानेवारी 2013 ची रात्र, मिलानमधला एक नाइटक्लब, तिथं एक तरुणी आपला 23 वा वाढदिवस करायला आलेली. रॉबिन्हो तेव्हा एसी मिलानकडून खेळायचा. तो आणि त्याच्या सोबतचे, मिळून सहा जण, दारू चढलेल्या त्या मुलीवर त्यांनी सामूहिक बलात्कार केला हे इटलीतल्या कोर्टानं मान्य केलं, तारीख 23 नोव्हेंबर 2017, शिक्षा नऊ वर्षं. खटला दोघांवरच चालला, रॉबिन्हो आणि त्याचा एक मित्र, बाकीचे चौघं इटलीबाहेर निघून गेलेले. रॉबिन्होचं म्हणणं पहिल्यापासून एकच, की जे झालं ते संमतीनं झालं.

आता नीट पहा. शिक्षा नोव्हेंबर 2017 ला आणि जानेवारी 2018 ला तुर्कीच्या सिवासस्पोरनं त्याला साइन केलं! दोन महिने पण नाही. मग 2019 ला इस्तंबूलचा बशाकशेहिर, त्यांच्यासोबत 2020 ला लीग पण जिंकला. अपील बाकी होतं, इटलीत अपिलं संपेपर्यंत शिक्षा लागू होत नाही, हे कायद्यानं ठीक आहे. पण लोकांचं काय? आमच्या ग्रुपवर 2017 ला ती लिंक आली होती, मी शोधून पाहिली, खाली दोन रडके इमोजी आणि त्याच्या खाली लगेच भारतातल्या आयलीगच्या फिक्श्चरवर भांडण. बस.

हे गप्प बसणं काही नवीन नाही आणि फक्त आपलं पण नाही, ब्राझीलमधे त्याची जुनी सवय आहे. 1987 ची गोष्ट घ्या. ग्रेमियो क्लब युरोपच्या टूरवर होता, स्वित्झर्लंडमधे बर्नच्या हॉटेलात 13 वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याच्या आरोपात त्यांचे चार खेळाडू धरले गेले, जवळपास महिनाभर आत होते. सुटून पोर्तो अलेग्रेला परतले तर विमानतळावर लोक स्वागताला! हिरो बनून आले. 1989 ला तिकडच्या कोर्टानं दोषी ठरवलं, ते पण ह्यांच्या गैरहजेरीत, आणि शिक्षा कोणी भोगली नाही कारण ब्राझील आपला नागरिक परदेशाच्या हवाली करतच नाही, त्यांच्या 1988 च्या संविधानात तसं लिहून ठेवलंय. त्या चौघांपैकी एक कुका, तो पुढं ब्राझीलमधला मोठा कोच झाला. ट्रॉफ्या जिंकल्या, मुलाखती दिल्या, तीसएक वर्षं गाडी मस्त चालली.

(आणि आपण फार शहाणे असं समजू नका. 2013 ला सुप्रीम कोर्टानं संजय दत्तला दोषी ठरवणं कायम ठेवलं तेव्हा माफी द्या म्हणून मागणी करणाऱ्यांत निवृत्त न्यायमूर्ती काटजू होते. गुन्हा वेगळा आहे, मान्य, पण "चांगला माणूस आहे हो" हा सूर तोच.)

मग 2020 ला असं काय झालं? दोन गोष्टी झाल्या, एकाच आठवड्यात. ऑक्टोबरमधे सांतोसनं रॉबिन्होला परत घेतलं, घरचा पोरगा घरी आला म्हणून गाजावाजा, पगार अगदी नावापुरता, महिन्याला ब्राझीलच्या चलनात 1,500 रेआल. तिकडच्या बायका भडकल्या, सोशल मीडियावर रान पेटलं, आणि एका डेंटल कंपनीनं स्पॉन्सरशिप काढून घेतली, बाकीचे स्पॉन्सर पण कुरकुरायला लागले. आणि 16 ऑक्टोबरला ग्लोबो ह्या ब्राझीलच्या मीडिया कंपनीच्या स्पोर्ट्स साइटनं कोर्टाच्या कागदांतले फोन टॅपिंगचे उतारे छापले. इटलीच्या पोलिसांनी ह्यांची बोलणी रेकॉर्ड केलेली होती. त्यात हा माणूस हसून राहिला होता. मुलगी पूर्ण टुन्न होती, तिला काय झालं ते पण माहीत नाही, अशा अर्थाचं बोलून हसत होता.

निकालपत्र कोणी वाचत नाही हो. ते हसणं वाचलं लोकांनी. त्याच दिवशी सांतोसनं करार थांबवला. वर ह्यानं मुलाखतीत स्त्रीवादी चळवळीलाच दोष दिला, मग तर झालंच.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी ते उतारे इंग्रजीत वाचले, लॉकडाऊनचे दिवस होते, घरी सगळे बसलेले, धाकटी बहीण समोर टीव्ही पाहून राहिली होती आणि तीही तेव्हा 23 ची. जर्सी तोवर गाडी पुसायच्या कपड्यांत गेलेलीच होती, त्यामुळं फेकायचा वगैरे काही प्रसंग आला नाही. ग्रुपचा डीपी मात्र कोणीतरी न बोलता बदलला. आधी रॉबिन्हो आणि रोनाल्डिन्हो नाचताना होते, नंतर तर्री पोहे.

पुढचं पटकन सांगतो. डिसेंबर 2020 ला मिलानच्या अपील कोर्टानं शिक्षा कायम ठेवली, 19 जानेवारी 2022 ला रोमच्या सर्वोच्च कोर्टानं पण. म्हणजे तिन्ही पायऱ्या संपल्या. तोवर हा ब्राझीलमधे, समुद्रकिनारी फूटव्हॉली खेळून राहिला. इटलीनं मागितला, ब्राझीलनं संविधान दाखवलं. तेव्हा इटली म्हणाली ठीक आहे, माणूस देऊ नका, शिक्षा तरी तुमच्याकडं भोगायला लावा. ब्राझीलच्या 2017 च्या स्थलांतर कायद्यात परदेशातली शिक्षा देशात अमलात आणायची सोय आहे, 1987 वाल्यांच्या वेळी असं काही नव्हतं. त्यावर 20 मार्च 2024 ला तिथल्या वरिष्ठ कोर्टानं 9 विरुद्ध 2 मतांनी हो म्हटलं, दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी सांतोसमधल्या घरून उचलला आणि त्रेमेंबेच्या जेलात नेला. निकालाच्या आधी टीव्हीवर येऊन तो म्हणाला की मी काळा आहे म्हणून असं झालं, गोरा इटालियन असतो तर वेगळं झालं असतं. युरोपच्या स्टेडियममधे काळ्या खेळाडूंना काय ऐकावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं हे वाक्य उडवून लावायचं नाही, पण टॅपवर जो आवाज होता तो त्याचाच होता.

तेव्हा ब्राझीलची टीम लंडनला होती आणि डेलिगेशनची प्रमुख होती लेइला परेरा, पाल्मेइरास क्लबची अध्यक्ष. ती उघड बोलली, की कोणीच काही बोलत नाही म्हणून मीच बोलते, ही प्रकरणं म्हणजे सगळ्या बायकांच्या तोंडावर थप्पड आहे. नंतर मग कोच, कॅप्टन, फेडरेशन, सगळ्यांना कंठ फुटला. 1987 ला ग्रेमियोच्या डेलिगेशनमधे बोलायला कोणी बाई असती का, तुम्हीच सांगा. आणि तो कुका? एप्रिल 2023 ला कोरिंथियन्सनं त्याला कोच केलं तर त्यांच्याच महिला टीमच्या खेळाडूंनी जाहीर निषेध केला, दोन मॅचमधे गेला बिचारा. बिचारा उगाच म्हटलं. पुढं जानेवारी 2024 मधे बातमी आली की बर्नच्या कोर्टानं त्याची जुनी शिक्षा रद्द केली, वकिलाशिवाय खटला चालला म्हणून. केस इतकी जुनी की परत चालवता येत नाही. निर्दोष आहे असं कोर्ट म्हणालं नाही, ग्रुपवर मात्र "सुटला सुटला" झालं.

असंच ब्राझीलचा दुसरा खेळाडू दानी आल्वेसच्या वेळी. त्याला बार्सिलोनात बलात्काराच्या केसमधे फेब्रुवारी 2024 ला साडेचार वर्षं झाली होती, मार्च 2025 ला कॅटलोनियाच्या वरच्या कोर्टानं ती शिक्षा रद्द केली, पुरावा पुरेसा नाही म्हणून. त्या दिवशी टपरीवरचे तेच काका भेटले. म्हणे, "पाय, तो सुटला न? हा बी सुटते आता." मी म्हटलं काका, आल्वेसचं पहिल्याच अपिलात पडलं, ह्याच्या तिन्ही पायऱ्या झाल्या तिकडं, आणि इकडं ब्राझीलच्या सुप्रीम कोर्टानं पण नोव्हेंबर 2024 ला आतच ठेवला. काका जरा थांबले, पुडीतला खर्रा तोंडात टाकला आणि विचारलं, "अन् ते पोरगी? तिचं काय झालं मंग?"

बारा वर्षांत हा प्रश्न आमच्या टपरीवर पहिल्यांदा आला.