कारखान्याचा डॉक्टर: वयाच्या दाखल्यापासून एएफआयएचपर्यंत

धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात डॉक्टर म्हणून लागायचे तर एमबीबीएस पुरत नाही. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधला ७३-डब्ल्यू हा नियम सांगतो की फॅक्टरी मेडिकल ऑफिसरकडे औद्योगिक आरोग्याचे किमान तीन महिन्यांचे प्रमाणपत्र हवे. मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत हा अभ्यासक्रम चालतो. त्याचे पूर्ण नाव असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ, पण या क्षेत्रात सगळे ‘एएफआयएच’ एवढेच म्हणतात. ही अट वैद्यकीय शिक्षणातून आलेली नाही. ती कारखाना कायद्यातून आली आणि तीही भोपाळनंतर. डॉक्टर मात्र कायद्यात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्याचे काम तेवढे वेगळे होते.

ते काम होते वय ठरवण्याचे. ब्रिटनच्या १८३३च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, पण इंग्लंडमध्ये जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ साली. तोवर वयाचा कागदी पुरावा मिळणार कुठून? मुलाची अंगकाठी पाहून किंवा दात मोजून डॉक्टर दाखला देई. १८४४च्या कायद्याने यासाठी ‘सर्टिफाइंग सर्जन’ असे खास पद ठरवले. रोगांकडे लक्ष जायला आणखी अर्धे शतक लागले. शिसे, फॉस्फरस, आर्सेनिक यांची विषबाधा आणि अँथ्रॅक्स झाल्यास कळवण्याची सक्ती तिथे १८९५ साली झाली, आणि थॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक १८९८ साली नेमले गेले.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१चा. त्यामागे मुंबईच्या गिरण्या होत्या. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला, सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्याचा पाठपुरावा केला आणि स्पर्धेची धास्ती घेतलेल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीही आपल्या स्वार्थापोटी तोच रेटा लावला. कायदा झाला तो अगदी तोकडा. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास काम. १८९१ साली वयाची मर्यादा सातवरून नऊवर गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले ते याच मधल्या वर्षांत. कापसाच्या धुळीने छातीचे काय होते, हा प्रश्न त्या कायद्यांनी डॉक्टरला विचारलाच नव्हता.

वयाच्या दाखल्याची ही परंपरा १९४८च्या कारखाना कायद्यापर्यंत आली. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या अल्पवयीन कामगाराला सर्टिफाइंग सर्जनचा तंदुरुस्तीचा दाखला हवा, त्याची मुदत बारा महिने, कामावर असताना दाखल्याचा हवाला देणारे टोकन जवळ बाळगायचे आणि दाखल्याची फी मालकाने भरायची. दुसऱ्याचा दाखला वापरणे हा कलम ९८ खाली गुन्हा, आणि एकाच मुलाला एका दिवशी दोन कारखान्यांत राबवणाऱ्या पालकाला कलम ९९ खाली दंड. ही कलमे उगाच लिहिलेली नाहीत. गिरण्यांच्या काळात असे प्रकार सर्रास चालत.

या कायद्यातले खरे वळण कलम १० मध्ये होते. सर्टिफाइंग सर्जनने आता धोकादायक कामांवरच्या प्रौढ कामगारांनाही तपासायचे होते आणि एखाद्या प्रक्रियेमुळे आजार होत असल्याची शंका आली तर वैद्यकीय देखरेख ठेवायची होती. त्याच कलमात एक पथ्यही घातले होते. कारखान्याचा मालक, त्या धंद्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला किंवा कारखान्याच्या नोकरीत असलेला माणूस सर्टिफाइंग सर्जन होऊ शकत नव्हता. तपासणारा डॉक्टर मालकाच्या पगारावर नसावा, हे १९४८च्या कायद्याने इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिले होते.

पुढचा महत्त्वाचा भाग म्हणजे कलम ८९. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवण्याजोग्या रोगांची यादी होती. शेवटी ते २९ होते: शिसे, पारा, मँगनीज, बेन्झीन यांची विषबाधा, सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस, बिसिनोसिस (अनुक्रमे सिलिका, ॲस्बेस्टॉस आणि कापसाच्या धुळीने होणारे फुप्फुसांचे रोग), क्रोमने पडणारे व्रण, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा वगैरे. यातला रोग दिसला की व्यवस्थापकाने कळवायचे. शिवाय जो कोणी डॉक्टर अशा रुग्णावर उपचार करत असेल, मग तो गल्लीतल्या दवाखान्यातला का असेना, त्याने विनाविलंब मुख्य कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचे. पत्रात तीन गोष्टी लागत: रुग्णाचे नाव व पूर्ण पत्ता, डॉक्टरच्या मते असलेला रोग, आणि रुग्ण ज्या कारखान्यात काम करतो किंवा शेवटचे काम करत होता त्याचे नाव व पत्ता. रोग सर्टिफाइंग सर्जनच्या दाखल्याने पक्का ठरला तर डॉक्टरला सरकारकडून फी मिळे आणि सरकार ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी मालकाकडून वसूल करी. कळवले नाही तर डॉक्टरला दंड होई, १९८७ नंतर एक हजार रुपयांपर्यंत. अशी फी मिळत होती हे किती डॉक्टरांना ठाऊक असेल?

कलम चांगले होते, पण ते चालवायला लागणारे डॉक्टर तयार करण्याची सोय कायद्यात नव्हती. ‘रोग कळवा’ म्हणायचे तर आधी तो ओळखता यायला हवा, आणि व्यवसाय विचारल्याशिवाय व्यवसायजन्य रोग ओळखू येत नाही. संशोधनाची बाजू हळूहळू उभी राहिली. अहमदाबादेत १९६६ साली सुरू झालेली व्यवसाय आरोग्य संशोधन संस्था १९७० साली राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था झाली. कारखान्याच्या दवाखान्यात बसणारा डॉक्टर मात्र बहुतेक वेळा जखमा बांधणे, ताप-खोकल्याच्या गोळ्या देणे आणि रजेचे दाखले तपासणे यांतच अडकलेला असे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन हवेत सुटले, आणि आपल्या कारखान्यात कोणते रसायन आहे हे कामगाराला, शेजारच्या वस्तीला आणि डॉक्टरला माहीत असण्याची सक्तीच नव्हती हे उघडे पडले. १९८७च्या दुरुस्तीने कायद्यात ‘धोकादायक प्रक्रियां’चे नवे प्रकरण घातले, कलमे ४१ए ते ४१एच. रसायनांची माहिती उघड करणे सक्तीचे झाले आणि हवेतल्या घटकांच्या मर्यादा दुसऱ्या परिशिष्टात आल्या. मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा तिथे ०.०२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०२ भाग) होती. डॉक्टरच्या दृष्टीने कळीचे कलम ४१सी. धोकादायक कामावर पाठवण्याआधी तपासणी, काम चालू असताना तपासणी आणि ते काम सोडल्यानंतरही तपासणी, कमाल अंतर बारा महिन्यांचे. आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या आणि कामगाराला त्या पाहता आल्या पाहिजेत. हे मोडले तर कलम ९६ए खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होता.

कलमाला हातपाय दिले ते नियमांनी. केंद्राने आदर्श नियम तयार केले, राज्यांनी ते थोड्या फेरफाराने घेतले. ‘ओएचसी’ म्हणजे व्यवसाय आरोग्य केंद्र, आणि ‘एफएमओ’ म्हणजे फॅक्टरी मेडिकल ऑफिसर, हे आज सरावाचे झालेले शब्द इथले. पन्नासपर्यंत कामगार असतील तर डॉक्टर ठरावीक मानधनावर चालतो, मात्र प्रथमोपचार शिकलेली किमान पाच माणसे लागतात आणि त्यांतले एक तरी कायम हजर हवे. ५१ ते २०० कामगारांसाठी किमान १५ चौरस मीटरची खोली, आठवड्यातून निदान दोनदा येणारा अर्धवेळ डॉक्टर आणि कामाच्या सर्व वेळी ड्रेसर-कम-कंपाउंडर, म्हणजे मलमपट्टी करणारा आणि औषधे देणारा मदतनीस. दोनशेच्या वर दोन खोल्या, पहिल्या ५०० कामगारांना एक पूर्णवेळ डॉक्टर, पुढच्या प्रत्येक हजाराला किंवा त्याच्या भागाला आणखी एक, आणि सोबत परिचारिका. कायद्यातले बारा महिन्यांचे अंतर नियमांनी सहा महिन्यांवर आणले, म्हणजे घातक घटकाशी संबंध येणाऱ्या कामगाराची वर्षातून दोनदा तपासणी. एफएमओने एखाद्याला कामासाठी अयोग्य ठरवले तर तो निरीक्षकाकडे दाद मागू शकतो, निरीक्षक प्रकरण सर्टिफाइंग सर्जनकडे पाठवतो आणि शेवटचा शब्द त्याचा.

तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राची अट याच नियमांत आली. अभ्यासक्रम आणि तो चालवणाऱ्या संस्थांना मान्यता ‘डीजीफासली’ची, म्हणजे केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाची, किंवा तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार राज्य सरकारची. सायनबरोबर चेन्नई, कोलकाता, कानपूर आणि फरीदाबादच्या प्रादेशिक श्रम संस्थांतही हे प्रशिक्षण होते. पात्र डॉक्टर मिळत नसल्यास मुख्य निरीक्षक अटी घालून सूटही देऊ शकतात. बदल मोठा होता, पण एक गोष्ट उलटी झाली. ज्या तपासणीसाठी १९४८ने मालकाच्या पगारावरचा डॉक्टर वर्ज्य ठरवला होता, ती रोजची तपासणी १९८७ नंतर मालकानेच नेमलेल्या डॉक्टरच्या हाती गेली. सर्टिफाइंग सर्जन उरला अपिलापुरता. त्यामुळे एफएमओला कायद्याचे शिक्षण का लागते, तर सहीचे बळ नेमके कुठून येते आणि जबाबदारी कुठे पडते हे त्याला माहीत असावे म्हणून. विषशास्त्र तो पुस्तकातूनही शिकेल.

तपासणी कागदावर होते आणि प्रत्यक्षात वाया जाते, ती बहुतेक वेळा वेळ चुकल्याने. गिरणीतला बिसिनोसिस घ्या. ब्लोरूम आणि कार्डिंग या कापूस मोकळा करून पिंजणाऱ्या विभागांतल्या कामगाराची छाती साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत आवळते, आठवडा सरेल तसे सुरुवातीच्या अवस्थेत बरे वाटते. म्हणून फुंकर चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, त्या पहिल्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी एकदा आणि पाळी संपताना पुन्हा करायची. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दोन्ही वेळा मोजून फरक बघायचा. गुरुवारी दुपारी कॅन्टीनमध्ये शिबिर लावून सगळ्यांची एकेक फुंकर घेतली तर सुरुवातीचा बिसिनोसिस सापडणार नाही, आणि रजिस्टरमध्ये ‘नॉर्मल’ची रांग लागेल.

ऑडिओमेट्रीचे, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचेही तसेच. गोंगाटाने होणारी हानी आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खळग्यासारखी दिसते. प्रेसशॉपच्या गोंगाटातून थेट उठून आलेल्या माणसाचे कान तात्पुरते बधिर असतात, त्यामुळे त्याआधी निदान चौदा तास गोंगाटापासून दूर ठेवून चाचणी घ्यावी लागते. कंप्रेसरशेजारच्या खोलीत घेतलेला आलेख कोणाच्याच उपयोगाचा नाही. क्रोम प्लेटिंगमध्ये तर यंत्रही लागत नाही, विजेरी पुरते. नाकाच्या पडद्याला पडणारे भोक दुखत नाही, कामगार तक्रार करत नाही, आणि डॉक्टरने नाकात बघितले नाही तर ते वर्षानुवर्षे तसेच राहते. ही कामे बऱ्याच ठिकाणी परिचारिका किंवा तंत्रज्ञ करतात. प्रमाणपत्राची अट मात्र डॉक्टरपुरतीच आहे, हा नियमांतला मोठा अपुरेपणा म्हणावा लागेल.

सिलिकोसिसमध्ये गफलत निदानाची असते. धुळीची मर्यादा ठरवण्याचे सूत्र दुसऱ्या परिशिष्टात होते: श्वसनयोग्य धुळीतल्या क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवायचे आणि त्या संख्येने १० ला भागायचे, उत्तर मिलिग्रॅम प्रति घनमीटर. क्वार्ट्झ १८ टक्के असेल तर मर्यादा ०.५, आणि ९८ टक्के असेल तर फक्त ०.१. फाउंड्री, दगडखाणी किंवा क्वार्ट्झ दळणाऱ्या चक्कीवरून आलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे पाहून क्षयाचे औषध सुरू होते. क्षय खरोखरच असू शकतो, कारण सिलिकामुळे त्याचा धोका वाढतो. मे २०१२पासून क्षय कळवणे सक्तीचे असल्याने ती नोंद होते. सिलिकोसिसची होत नाही. एकाच फुप्फुसाच्या दोन आजारांपैकी भरपाई ज्याच्यावर अवलंबून आहे तोच कागदावर येत नाही.

नोंदी किती काळ ठेवायच्या याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात दिले. कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा येईल तोवर. ॲस्बेस्टॉसचे रोग दशकांनी दिसतात, म्हणून हा हिशेब. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तोच गडबडतो. कंत्राटदार बदलला की नावे नव्या यादीत जातात, जुने आलेख जुन्या फायलीत राहतात, आणि नव्या कंत्राटदाराकडची पहिली तपासणी ‘नोकरीपूर्व’ म्हणून नोंदली जाते. दहा वर्षांची ऐकू येण्यातली घट मग त्या माणसाची मूळ स्थिती ठरते.

व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. तेरा कायदे तिच्यात सामावले गेले, त्यांत १९४८चा कारखाना कायदाही आला. कारखान्याच्या व्याख्येतली कामगारसंख्या यंत्रशक्ती असल्यास १० वरून २० आणि नसल्यास २० वरून ४० झाली. सर्टिफाइंग सर्जन हे जुने नाव गेले, त्याच्या जागी कलम ४२ मध्ये ‘वैद्यकीय अधिकारी’ आला. रोग कळवण्याचे कर्तव्य कलम १२ मध्ये कायम आहे, यादीतले रोगही २९च. पत्र आता मुख्य निरीक्षक-नि-सुविधाकाराकडे जायचे. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहण्याची तरतूद कलम १४३ मध्ये आहे. ओएचसीत नोकरी धरणाऱ्या डॉक्टरने आपल्या राज्याचे नवे नियम आले का, त्यात तीन महिन्यांच्या अटीचे काय झाले आणि पन्नास-दोनशेचे टप्पे तसेच राहिले का, एवढे तरी रुजू होण्याआधी राजपत्रात बघून घ्यावे.