फ्री थ्रोच्या रेषेवर दडपण आलं कुठून?

इंदूरच्या रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये भाचीचा सामना बघायला गेलो होतो. शेवटचं मिनिट, एका गुणाची पिछाडी आणि हिच्या वाट्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे समोरच्यांच्या फाउलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता घ्यायचे नेम. तिने तळवे शॉर्ट्सला पुसले, चेंडू तीनदा टप्पे देऊन चौथ्यांदा हातातच धरून ठेवला. मागून कुणीतरी ओरडलं, "आराम से, बेटा!" पहिला थ्रो रिंगच्या पुढच्या काठाला लागून खाली आला, दुसरा रिंगपर्यंत पोचलाही नाही. रामबागेतल्या घरी आजोबांचा निकाल तयार होता: "मन कच्चं आहे पोरीचं." आजोबा जुने तालमीतले, तिथे हरणाऱ्याची आधी छाती बघतात. पण सरावात हीच पोर दहातले आठ टाकते.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांच्या १३ नियमांत फ्री थ्रो नव्हताच. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले, की समोरच्यांच्या नावावर सरळ एक गोल. फ्री थ्रो पुढच्या काही वर्षांत आला, तोही कुणीही घ्यावा असा. मग संघ एक हुकमी नेमबाज ठेवू लागले. फाउल कुणावरही होवो, रेषेवर तोच. १९२३-२४ च्या हंगामापासून तिथल्या कॉलेजच्या खेळात ही सोय गेली. ज्याच्यावर फाउल, त्यानेच थ्रो घ्यायचा.

माझ्या मते दडपणाचा जन्म इथला. नुकताच आपटलेला, धापा टाकणारा, कदाचित मुळातच बेताचा नेम असलेला खेळाडू फळ्यापासून १५ फुटांवर एकटा उभा. अडवायला कुणी नाही, म्हणजे सबबही नाही.

घड्याळाने त्यात भर घातली. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसच्या संघाला १९-१८ असं हरवलं. चेंडू नुसता धरून ठेवायचा, एवढाच डाव. असल्या खेळाला प्रेक्षक कंटाळले आणि १९५४ मध्ये एनबीएने २४ सेकंदांत शॉट घ्यायची सक्ती केली. म्हणजे चेंडू धरून वेळ काढायचीही सोय गेली.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची अंतिम लढत मात्र थांबून बघायला हवी. तीन सेकंद उरलेले, अमेरिका एका गुणाने मागे. अमेरिकेच्या डग कॉलिन्सला सोव्हिएत खेळाडूने असं पाडलं, की तो फळ्याच्या खांबाजवळ जाऊन आदळला. तो उठला आणि दोन्ही थ्रो टाकले. दुसऱ्याच्या वेळी तर भोंगाही वाजला होता. ५०-४९. पुढे ते तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत. कॉलिन्सचे ते दोन थ्रो या गदारोळात झाकले गेले, याची मला नेहमी चुटपुट लागते.

मनाचा अभ्यास करणारे तोवर कामाला लागले होते. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंसाठी प्रयोगशाळा काढली. साठच्या दशकात ओगिल्व्ही आणि टुटको प्रश्नावल्या देऊन खेळाडूंचा स्वभाव मोजू लागले. कणखरपणा अंगातच असावा लागतो, ही समजूत तेव्हा जोरात होती. थोडक्यात, आजोबांचंच मत, फक्त कागदावर.

त्याला तडा गेला १९८४ मध्ये. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमाइस्टर यांनी दाखवलं, की दडपणाखाली माणूस आपल्याच हालचालींवर पहारा ठेवायला लागतो आणि सवयीने आपोआप होणारं काम त्यानेच बिघडतं. चौथा टप्पा हातातच राहिला, तो यामुळेच असावा. १९९६ मध्ये जोन विकर्स यांनी फ्री थ्रो घेणाऱ्या खेळाडू स्त्रियांच्या नजरेचा माग काढला. चांगला नेम असणाऱ्यांची नजर थ्रोच्या आधी रिंगवर जास्त वेळ स्थिर राहत होती. म्हणजे छातीपेक्षा डोळ्यांचा प्रश्न, आणि डोळ्यांना शिकवता येतं.

२०१८ मध्ये केव्हिन लव्हने सामना चालू असताना आलेल्या पॅनिक अटॅकबद्दल उघडपणे लिहिलं. एनबीएतला एवढा नावाजलेला गडी हे बोलतोय म्हटल्यावर 'मन कच्चं' म्हणणाऱ्यांची जरा पंचाईत झाली.

भाचीच्या कोचने तिला आता एक क्रम बांधून दिलाय: चेंडूचा व्हॉल्व्ह बोटाखाली, तीन टप्पे, रिंगच्या मागच्या, जाळी अडकवायच्या हुकावर नजर, थ्रो. आंतरराष्ट्रीय नियमात हातात चेंडू आल्यावर पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात हे बसतं. कॉलनीतल्या रिंगखाली संध्याकाळी आजोबा घड्याळ धरून उभे असतात. ती हुकाकडे बघायला लागली, की मुद्दाम खोकतात.