सहकारी रुग्णालय (सोलापूर)

सहकारी रुग्णालय : सभासदांच्या भागभांडवलातून उभे राहिलेले आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या संस्थेने चालवलेले रुग्णालय. साखर कारखान्याची नोंदणी ज्या कायद्याखाली होते त्याच कायद्याखालचा दवाखाना, असे म्हटले की सोलापूर जिल्ह्यात आणखी खुलासा लागत नाही. शहरातील अश्विनी सहकारी रुग्णालय आणि श्री मार्कंडेय सोलापूर सहकारी रुग्णालय ही याची ठळक उदाहरणे. दुसऱ्याच्या नावातले मार्कंडेय ऋषी म्हणजे पद्मशाली विणकर समाजाचे आराध्यदैवत. मुंबईत दादरचे शुश्रूषा हे राज्यातले जुने सहकारी रुग्णालय आहे.

सोलापुरात ही कल्पना रुजण्यास जमीन तयार होती. १८७७ मध्ये सुरू झालेली ‘जुनी गिरणी’ आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी शहर वाढवले. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि गिरणी कामगाराला उपचाराचा हक्काचा आधार मिळाला. गिरण्या बंद पडल्या तसा तो आधार सुटत गेला. पूर्व भागातले यंत्रमाग लहानलहान खोल्यांत विखुरलेले; दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला विमा योजना सहसा लागू होत नाही. विड्या वळणाऱ्या बायका तर घरीच काम करतात. त्यांच्यासाठी १९७६ च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधी झाला, त्यातून दवाखाने निघाले. पण मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली की उरत ते दोनच रस्ते : ‘सिव्हिल’ म्हणजे सरकारी रुग्णालय किंवा खासगी. सहकारी रुग्णालयाने या दोहोंच्या मधली जागा घेतली.

कारभाराचे नियम इतर सहकारी संस्थांसारखेच. भाग (शेअर) कितीही असले तरी सभासदाला मत एकच. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षे आणि संख्या जास्तीत जास्त २१. दरवर्षी लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. यंत्रसामग्रीला सतत पैसा लागणाऱ्या धंद्यात ही मर्यादा दुधारी ठरते : नफा बाहेर जात नाही हे खरे, पण मोठे भांडवल घालणाराही त्यामुळे फिरकत नाही. मग भार येतो कर्जावर आणि ठेवींवर.

खरी अडचण मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाही. कारखान्यात ऊस घालणारा आणि सभासद बहुधा एकच असतो, रुग्णालयात सभासद वर्षानुवर्षे धडधाकट राहतो (राहावा!) आणि खाटेवर असतो तो अक्कलकोट, तुळजापूर किंवा कर्नाटकाच्या सीमेपलीकडच्या इंडीहून आलेला बिगरसभासद. मालक एक, गरजवंत दुसरा. उपविधीत (संस्थेच्या स्वतःच्या नियमांत) तरतूद असेल तर सभासदाला बिलात सवलत मिळते. ती सवलत भरून काढायची कोणाच्या बिलातून, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत क्वचितच सरळ विचारला जातो. शिवाय सभासदांत डॉक्टर बरेच असतील तर दर ठरवणारे आणि फी घेणारे तेच होतात. एक माणूस एक मत या तत्त्वात रुग्णाचे मत आपोआप येत नाही. त्याला आधी भाग विकत घ्यावा लागतो.

धर्मादाय रुग्णालयांशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. ते न्यासांच्या कायद्यातून आले आहे, सहकार कायद्यातून नव्हे. नावात ‘सहकारी’ आहे म्हणून उपचार फुकट मिळतील, हा केसपेपरच्या खिडकीवरचा नेहमीचा गैरसमज मात्र टिकून आहे.

गरीब रुग्णाची वाट प्रत्यक्षात मोकळी झाली ती सरकारी योजनांनी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. या योजनेत रुग्णालय सरकारी, खासगी की सहकारी हे पाहिले जात नाही. ते योजनेच्या यादीत असले की मंजूर उपचाराचे पैसे योजनेतून येतात. भांडवलाच्या बाजूने पाहता, राष्ट्रीय सहकारी विकास निगमाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘आयुष्मान सहकार’ योजनेत आरोग्य क्षेत्रातील सहकारी संस्थांसाठी १०,००० कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद जाहीर केली. देशभरात सहकारी संस्थांची तेव्हा सुमारे ५२ रुग्णालये होती, असे सरकारने त्याच वेळी सांगितले होते.