जिवंत मूत्रपिंडदाता : वैद्यकीय पूर्वतयारी

आपल्या दोन मूत्रपिंडांपैकी (किडनी) एक रुग्णाला देऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीची शस्त्रक्रियेआधी होणारी तपासणी आणि तयारी. दाता निरोगी असतो आणि या शस्त्रक्रियेतून त्याला स्वतःला शारीरिक लाभ काहीच नसतो. त्यामुळे त्याचे मूत्रपिंड रुग्णाला चालेल का, याहून उरलेल्या एका मूत्रपिंडावर त्याचे पुढचे आयुष्य निर्धोक जाईल का, हा प्रश्न मोठा ठरतो.

पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे केले. दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ असल्याने शरीराने परके मूत्रपिंड नाकारण्याचा प्रश्नच आला नाही. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आल्यावर रक्ताचे नाते नसलेल्यांनाही दान करणे शक्य झाले. रक्तगट आणि क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारी चाचणी) या चाचण्या आजही आधी होतात. त्या जुळल्या नाहीत तरी दोन जोड्यांमध्ये दात्यांची अदलाबदल करून मार्ग निघू शकतो.

मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात, हे या तपासणीतले मुख्य माप. केवळ क्रिएटिनिनवर (स्नायूंतून रक्तात येणारा व मूत्रपिंडांनी गाळला जाणारा टाकाऊ पदार्थ) विसंबता येत नाही, कारण त्याचे रक्तातले प्रमाण स्नायूंच्या प्रमाणावरही अवलंबून असते. किडकिडीत माणसाचे मूत्रपिंड मंदावलेले असूनही आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा वेग मिनिटाला ९० मिलिलिटर किंवा अधिक असल्यास दान मान्य आणि ६० पेक्षा कमी असल्यास अमान्य. लघवीतून दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) जाणे ठीक. १०० च्या वर गेल्यास दाता नाकारला जातो. मधल्या पट्ट्यात माणूस पाहून निर्णय होतो.

आणि तिथे वयाचा हिशेब अनेकांना उलटा वाटतो. साठीतल्या दात्याचा आकडा थोडा कमी असला, तरी त्याला एका मूत्रपिंडावर काढायची वर्षे मोजकी असतात. विशीतल्या तरुणाचे सगळे अहवाल उत्तम आले, तरी मधुमेह किंवा रक्तदाब गाठण्याचे वय त्याच्या पुढ्यात असते. आजची चाचणी चाळीस वर्षांनंतरची हमी देत नाही. म्हणून तरुण दात्याच्या बाबतीत घरातल्या आजारांची चौकशी खोलवर व्हायला हवी. घरात अनेक गाठी होणारा आनुवंशिक मूत्रपिंडविकार असेल, तर दात्याला तो नाही याची सोनोग्राफी, एमआरआय किंवा गरजेनुसार जनुकीय चाचणीने खात्री करतात.

एकदोन गोळ्यांनी आटोक्यात असलेला रक्तदाब दरवेळी आड येत नाही. मुतखडा होऊन गेला असेल, तर तो पुन्हा होण्याची शक्यता तपासतात. एचआयव्ही, कावीळ ब व क, क्षयरोग आणि वयानुसार कर्करोग यांच्याही चाचण्या होतात.

शेवटी सीटी अँजिओग्राफीने रक्तवाहिन्यांची रचना पाहतात. डाव्या मूत्रपिंडाची शीर लांब असल्याने सहसा तेच काढतात. मात्र दोहोंच्या कार्यात ठळक फरक असल्यास चांगले मूत्रपिंड दात्याकडेच ठेवले जाते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान बंद करावे लागते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो; त्या घेत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

दानानंतर उरलेले मूत्रपिंड आपले काम वाढवते आणि एकूण कार्य पूर्वीच्या साधारण ६० ते ७० टक्क्यांवर स्थिरावते. अमेरिकेतील २०१४ च्या एका अभ्यासात मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचा आयुष्यभराचा धोका दात्यांमध्ये दहा हजारांत ९०, तर तितक्याच निरोगी अदात्यांमध्ये १४ आढळला. धोका लहान आहे, पण शून्य नाही. दानानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यताही जास्त असते, म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीशी हे स्पष्ट बोलले पाहिजे.

दात्याशी एकांतात बोलणे हाही तपासणीचाच भाग आहे. घरच्यांच्या दडपणाखाली होकार दिलेला माणूस तिथेच मोकळा होतो. भूल देईपर्यंत कधीही त्याला माघार घेता येते. त्याने तसे ठरवल्यास, दान करता येणार नाही एवढेच कुटुंबाला कळवतात आणि कारण गुप्त ठेवतात.