रीगा : मुक्कामासाठी वस्तीची निवड

लॅटव्हियाची राजधानी रीगा येथे प्रवाशाने उतरण्याजोग्या वस्त्या आणि त्यांतली एक निवडताना पाहायच्या गोष्टी. सुमारे सहा लाख लोकवस्तीचे हे शहर दौगावा नदीच्या दोन्ही तीरांवर आहे. शहर पसरट असले, तरी प्रवासी जे पाहायला येतो त्यातले बहुतेक सगळे उजव्या तीरावर, दोन-अडीच किलोमीटरच्या टप्प्यात सापडते. त्यामुळे ‘मध्यवस्तीपासून किती लांब’ हा नेहमीचा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. झोप लागेल का, सामान वर चढेल का, ऑक्टोबरात खोली गरम असेल का, हे ठरते ते रस्ता, मजला आणि खिडकी यांवर. वस्ती चांगली पण घर चुकले, अशी फसगत इथे जास्त होते.

शहराची ठेवण

१२०१ मध्ये बिशप आल्बेर्ट याने वसवलेले मूळ गाव तटबंदीच्या आत होते. १८५७ ते १८६३ या काळात तट पाडले गेले. खंदकाचा वळणदार कालवा झाला, त्याच्या कडेने बागा आल्या, आणि बागांपलीकडे चौकटीत आखलेले नवे शहर उभे राहिले. तटाबाहेरच्या उपनगरांत घरे लाकडीच बांधावीत असा पूर्वी दंडक होता. शत्रू चालून आल्यास ती जाळून मैदान मोकळे करता यावे, हा हेतू. १८१२ मध्ये नेपोलियनच्या फौजेच्या धास्तीने ती खरोखरच जाळली गेली. आजही शहर याच थरांनी ओळखता येते : कालव्याच्या आत दगडी जुने गाव, बाहेर पाच-सहा मजली इमारतींचे केंद्र, त्याच्या कडेला आणि नदीपलीकडे लाकडी घरे, आणि सर्वांत बाहेर सोव्हिएत काळातल्या काँक्रीटच्या चाळवजा इमारती. जुने गाव आणि भोवतीचे केंद्र यांना १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

जुने गाव (वेत्सरीगा)

पहिल्यांदा येणारा बहुधा इथेच खोली घेतो, आणि दोन रात्रींसाठी ते ठीकच आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येते. अडचण रात्रीची. लीवू चौक (लीवू लाउकुम्स) आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या म्हणजे मद्यालयांचा गाभा. २००४ मध्ये लॅटव्हिया युरोपीय संघात आला, स्वस्त विमानसेवा सुरू झाल्या आणि लग्नाआधीची दंगामस्ती करायला येणाऱ्या परदेशी टोळक्यांचे हे ठाणे झाले. तो जोर पुढे ओसरला, तरी शुक्रवार-शनिवारी पहाटेपर्यंत गलका चालतो. गल्ल्या अरुंद आणि भिंती दगडी असल्याने खालचे बोलणे चौथ्या मजल्यावरही स्पष्ट ऐकू येते. काल्क्यू इएला (‘इएला’ म्हणजे रस्ता) हा जुन्या गावाचा मुख्य चालता रस्ताही फारसा शांत नाही.

त्याच जुन्या गावात उत्तरेकडचा भाग, म्हणजे याकोब चर्च, संसद आणि रीगाचा किल्ला यांच्या जवळपासच्या गल्ल्या, रात्री नऊनंतर जवळजवळ निर्मनुष्य असतो. जुन्या गावात राहायचेच असेल तर खोली इथे घ्यावी, नाहीतर अंगणाकडे उघडणाऱ्या खिडकीची मागणी करावी. डिसेंबरात डोम (कॅथेड्रल) चौकात नाताळचा बाजार भरतो. तेव्हा चौकावरची खोली महाग आणि गोंगाटाची दोन्ही असते.

दुसरी अडचण गोट्यांच्या फरसबंदीची. चाकांची बॅग तिच्यावरून ओढताना चाक निखळते, आणि हिवाळ्यात त्याच गोट्यांवर बर्फाची पातळ काच बसते. जुन्या गावात गाडी नेण्यास शुल्क भरून परवाना लागतो, म्हणून ॲपवरून मागवलेली गाडी अनेकदा कडेलाच सोडते. तिथून हॉटेलपर्यंतचे तीन-चारशे मीटर सामान आपणच न्यायचे असते. वयस्कर माणसे सोबत असतील, तर हे आधी नकाशावर मोजून पाहावे.

केंद्र आणि शांत केंद्र

तीन रात्रींहून अधिक मुक्काम असेल तर कालव्याबाहेरचे केंद्र (त्सेंत्र्स) बहुतेकांना अधिक सोयीचे. ब्रीवीबास, तेर्बातास, बारोना आणि चाका हे रस्ते जवळपास समांतर धावतात. त्यांवर दुकाने, बेकऱ्या, औषधांची दुकाने, ट्रॉलीबस किंवा ट्राम असे सगळे आहे. ४२ मीटर उंचीच्या स्वातंत्र्यस्मारकापासून (१९३५) मातीसा इएलापर्यंतचा पट्टा चालण्याच्या अंतरात येतो. चाका इएलाची पूर्वी बदनामी होती. आज ती सुधारली आहे, पण रहदारीचा आवाज आणि जुनाट दर्शनी भाग कायम आहेत. भाडे कमी दिसते त्याचे कारण तेच.

एलिझाबेतेस, आल्बेर्ता आणि स्त्रेल्नीएकू या रस्त्यांचा परिसर ‘क्लुसाइस त्सेंत्र्स’, म्हणजे शांत केंद्र, म्हणून ओळखला जातो. नाव यथार्थ आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात इथे आर्ट नुव्हो या सजावटी वास्तुशैलीच्या इमारती उठल्या. केंद्रातल्या सुमारे एक-तृतीयांश इमारती या शैलीच्या आहेत. आल्बेर्ता इएलावरच्या सर्वांत नटव्या इमारती मिखाइल आयझेनस्टाइन याच्या, म्हणजे चित्रपट-दिग्दर्शक सेर्गेई आयझेनस्टाइनच्या वडिलांच्या. वकिलातींमुळे परिसर नीटनेटका आहे. जेवणाच्या जागा मात्र कमी; त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते. शहरात एकच वस्ती सुचवायची झाली, तर ती हीच.

पण रस्त्यावरून दिसणारा मुखवट्यांचा आणि फुलावेलींचा दर्शनी भाग म्हणजे भाड्याची खोली नव्हे. या इमारतींना कमानीतून आत शिरल्यावर एक-दोन अंगणे असतात आणि स्वस्त फ्लॅट बहुतेक अंगणातल्या इमारतीत असतात. छायाचित्रात दर्शनी भाग दाखवतात, खिडकी मात्र समोरच्या भिंतीकडे उघडते. त्याचा एक फायदा म्हणजे तिथे रात्री अगदी शांत असते. फक्त नोव्हेंबर ते जानेवारीत दिवसाही दिवा लावावा लागतो. डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो, म्हणून हा मुद्दा किरकोळ नाही.

मजल्यांची मोजणीही वेगळी. आपला तळमजला म्हणजे तिथला पहिला मजला. म्हणजे ‘पाचवा मजला’ लिहिले असेल, तर आपल्या हिशेबाने चौथा. तेवढ्यावर खूश होऊ नये. छत साडेतीन मीटरच्या आसपास असल्याने चार जिने चढणे म्हणजे शंभराच्या घरात पायऱ्या होतात, आणि अनेक जुन्या इमारतींना लिफ्टच नाही. जिथे आहे तिथे ती जिन्याच्या पोकळीत नंतर बसवलेली, दोन माणसे आणि एक बॅग एवढीच मावणारी असते.

स्टेशन, बाजार आणि त्यापलीकडे

मुख्य रेल्वे स्टेशन, बसस्थानक (आउतोओस्ता) आणि मध्यवर्ती बाजार हे तिन्ही जुन्या गावाच्या दक्षिणेला एकमेकांना लागून आहेत. पहाटेची बस पकडून टालिन किंवा व्हिल्नियसला जायचे असेल, तर इथली एक रात्र सोयीची. १९३० मध्ये सुरू झालेल्या बाजाराची पाच दालने जर्मन झेपेलिन हवाईजहाजांच्या शेडचे सांगाडे वापरून बांधलेली आहेत. दुधाच्या दालनात ताजे चीज, दही, साय. भाज्यांच्या दालनात बीट, कोबी, बडीशेपेची पाने, आंबवलेल्या काकड्या. शाकाहारी माणसाची सोय शहरात सर्वांत स्वस्तात इथे होते. राय धान्याची काळी पाव-लादी आणि दही घेतले की सकाळची न्याहारी झाली.

स्टेशनाभोवती ‘रेल बाल्टिका’ या नव्या रेल्वेमार्गाचे मोठे बांधकाम सुरू आहे. पदपथ वळवलेले असतात, नकाशावरचा सरळ रस्ता पत्र्याच्या कुंपणाला जाऊन अडतो, आणि दिवसा यंत्रांचा आवाज असतो. शिवाय अंधार पडल्यावर बाजार आणि बसस्थानकाच्या आसपास दारू पिऊन बसलेली माणसे दिसतात. हल्ला होण्याची भीती कमी, खिसेकापूंची अधिक.

बाजारापलीकडचा मस्कावस फोर्श्ताते हा भाग स्वस्त म्हणून यादीत वारंवार वर येतो. नदीलगतची लाल विटांची जुनी गोदामे (स्पीकेरी) नीट केलेली आहेत. तिथवर हरकत नाही. पुढे पडकी लाकडी घरे आणि अंधारे रस्ते आहेत. १९४१ मध्ये नाझींनी ज्यूंची कोंडवस्ती याच भागात केली होती, आणि त्या वर्षी ४ जुलैला जाळलेल्या सिनेगॉगचे अवशेष स्मारक म्हणून जपलेले आहेत. दिवसा हा भाग आवर्जून पाहावा. रात्री उशिरा परतणाऱ्या, शहर नवीन असलेल्या माणसाने इथे खोली घेऊ नये.

मिएरा इएला

केंद्राच्या उत्तर टोकाचा, ट्रामचा हा रस्ता छोटे कॅफे, जुन्या वस्तूंची दुकाने आणि ‘लाइमा’ या जुन्या चॉकलेट कारखान्याच्या इमारतीमुळे ओळखला जातो. तरुणांना आवडतो, भाडे मध्यम आहे. ट्रामच्या रुळांकडे उघडणाऱ्या खिडकीला पहाटे साडेपाचपासून खडखडाट ऐकू येतो.

नदीपलीकडे

डाव्या तीराला पार्दौगावा म्हणतात. त्यातले आगेन्सकाल्न्स हे रीगाचे लोक ज्याची स्वतःच्या घरासाठी स्वप्ने पाहतात असे उपनगर आहे : रंगवलेली लाकडी घरे, सफरचंदाची झाडे, २०२२ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडलेला विटांचा बाजार, आणि काल्न्त्सिएमा रस्त्यावरच्या जुन्या लाकडी घरांच्या अंगणातली शनिवारची जत्रा. ट्रामने पूल ओलांडून जुन्या गावाशी यायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाला हा भाग मानवतो. लाकडी घरात मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : गरम करण्याची सोय शहराच्या मध्यवर्ती वाहिनीवर आहे की लाकडाच्या शेगडीवर, आणि वरच्या मजल्यावर कोण राहते. लाकडी तक्तपोशीतून पावलांचा आवाज थेट खाली येतो.

कीप्साला हे बेट जुन्या गावाच्या बरोबर समोर आहे. मनोऱ्यांची रांग सर्वांत चांगली इथूनच दिसते. रीगा तांत्रिक विद्यापीठाच्या इथल्या संकुलात भारतीय विद्यार्थी पुष्कळ शिकतात. त्यांना भेटायला येणाऱ्या पालकांना बेट जवळचे पडते. पण दुकाने मोजकी आहेत, आणि शहरात जायला वान्शू पूल ओलांडावा लागतो. जानेवारीत त्या पुलावरचा वारा टोपी-मफलरालाही दाद देत नाही.

मेझापार्क्स उत्तरेला, तळ्याकाठी, पाइनच्या झाडांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी उद्याननगर म्हणून आखलेल्या या भागात जुने बंगले, प्राणिसंग्रहालय आणि गीतमहोत्सवाचा भव्य रंगमंच आहे. ११ क्रमांकाची ट्राम अर्ध्या तासाच्या आत-बाहेर शहरात पोहोचवते. दर पाच वर्षांनी गीत व नृत्य महोत्सव असतो (शेवटचा २०२३ मध्ये झाला). त्या आठवड्यात सगळ्या शहरात खोली मिळणे कठीण जाते.

पुर्वत्सिएम्स, प्ल्याव्निएकी, इमान्ता, झोलितूदे या सोव्हिएत वसाहतींत फ्लॅट निम्म्या भाड्यात मिळू शकतो, पण बचत रोजच्या प्रवासात आणि रात्रीच्या टॅक्सीत जाते. अपवाद इमान्ताचा, तोही उन्हाळ्यात : यूरमालाच्या समुद्रकिनाऱ्याला जाणारी लोकल इथे थांबते. किनाराच मुख्य असेल, तर सरळ यूरमालातल्या मायोरीला राहावे. रीगाहून गाडीला अर्धा तास लागतो.

ऋतू आणि घर

मध्यवर्ती उष्णतेची वाहिनी कधी सुरू करायची, हे इमारतीगणिक ठरते. बहुधा ऑक्टोबरात ती सुरू होते. सप्टेंबरअखेरीस बाहेर सात-आठ अंश असताना शेजारची इमारत गरम आणि आपली गार, असे होऊ शकते. या दिवसांसाठी घरमालकाला खोलीत विजेचा हीटर आहे का, हे लेखी विचारावे. हॉटेलात ही अडचण क्वचित येते.

आपल्याकडची मे-जूनची सुट्टी धरून येणाऱ्यांसाठी उलटी गोष्ट. जूनमध्ये सूर्य साडेचारला उगवतो आणि रात्री साडेदहाच्या जवळपास मावळतो. जाड पडदे नसतील तर मुले झोपत नाहीत. जुन्या घरांत एसी नसतो. २३ आणि २४ जूनला ‘यानी’ हा सण असतो. रीगाचे लोक गावी जातात आणि शहरातली बरीच दुकाने, खानावळी बंद राहतात. किराणा २२ तारखेलाच भरावा.

स्वयंपाकघर असलेले घर घेतले, तर शेगडी बहुधा काचेच्या पृष्ठभागाची असते आणि छताला धूरसूचक यंत्र असते. मोहरी-मिरचीची फोडणी त्याला आग वाटते. खिडकी उघडून, आतल्या खोलीचे दार लावून मगच तेल तापवावे.

हिवाळ्यात छपरावरून बर्फाचे सुळे कोसळतात. पदपथावर लाल-पांढरी फीत बांधलेली दिसली की ती टाळून चालायचे; फीत उचलून दारापर्यंत जाऊ नये, आतल्या माणसाला फोन करून अंगणाची वाट विचारावी.

पोहोचणे आणि पत्ता

विमानतळ नैर्ऋत्येला सुमारे दहा किलोमीटरवर आहे. २२ क्रमांकाची बस अर्ध्या तासात स्टेशन-बाजाराच्या बाजूला आणून सोडते. तिकीट विमानतळावरच्या ‘नार्वेसेन’ दुकानात किंवा यंत्रावर घ्यावे आणि बसमध्ये चढताच यंत्राला लावावे. खिशात तिकीट असूनही ते न लावल्यास दंड होतो. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याने ‘बोल्ट’ या टॅक्सी-ॲपची गाडी धरावी.

पत्त्यात आधी रस्ता, मग घरक्रमांक, मग आडव्या रेघेनंतर फ्लॅटक्रमांक येतो : ‘आल्बेर्ता इएला १२–५’ म्हणजे बारा नंबरच्या घरातला पाचवा फ्लॅट. क्रमांकानंतर ‘क–२’ असेल, तर ती अंगणातली दुसरी इमारत. पिनकोडही बोलका आहे. एलव्ही-१०१० म्हणजे केंद्र. एलव्ही-१०५० जुन्या गावाचा, पण स्टेशन आणि बाजारही त्यातच येतात, म्हणून ‘जुन्या गावात’ अशी जाहिरात आणि १०५० हा पिन एवढ्यावर भागवू नये. दाराला बहुधा कोड असतो, पहारेकरी नसतो. कमानीचे दार, इमारतीचे दार आणि फ्लॅट असे तीन टप्पे असल्यास तिन्हींची माहिती निघण्याआधी मागून फोनमध्ये उतरवून ठेवावी. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला संपूर्ण मुक्कामाचे आरक्षण जोडावे लागते. तेव्हा आधी रद्द करता येणारे हॉटेल घ्यावे, आणि व्हिसा हाती आल्यावर रस्ता, मजला, खिडकी पाहून घर बदलावे. नव्या आरक्षणाची प्रत सीमेवर दाखवता येईल अशी जवळ असू द्यावी.