संहितेवरचा शिक्का : केनेथ टायनन यांच्या लढ्याची पार्श्वभूमी

केनेथ टायनन या ब्रिटिश नाट्यसमीक्षकाच्या आयुष्यावर बीबीसीने २००५ मध्ये चरित्रनाट्य दाखविले आणि त्यात रॉब ब्रायडन यांनी टायनन साकारले. मात्र नाटकांच्या पूर्वपरीक्षणाच्या ज्या व्यवस्थेशी टायनन भांडले, ती समजून घेतल्याखेरीज त्यांचे भांडण निव्वळ आगाऊपणाचे वाटण्याची शक्यता आहे.

ती व्यवस्था १७३७ ची. रंगमंचावरून होणारी आपल्या कारभाराची टवाळी थांबविण्यासाठी ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांनी कायदा आणला आणि प्रत्येक नव्या नाटकाची संहिता प्रयोगाआधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडे पाठविणे बंधनकारक झाले. तेथे निळ्या पेन्सिलीने ओळी खोडल्या जात. कारण सांगण्याचे बंधन नव्हते आणि दाद मागण्याची सोयही नव्हती. १८४३ मध्ये कायदा बदलला, पण पेन्सिल तशीच राहिली.

या पद्धतीचा खरा जाच कोकणातल्या माणसाला एका खटल्यावरून चटकन कळेल. ब्रिटिश दिग्दर्शिका जोन लिटलवुड यांच्या नाट्यसंस्थेतील नट मंजूर संहितेबाहेरचे संवाद प्रयोगात उत्स्फूर्तपणे बोलतात, एवढ्यावरून १९५८ मध्ये संस्थेच्या मंडळींवर खटला भरला गेला आणि त्यांना दंड झाला. आपल्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी रंगपटात आख्यान ठरवितात, सोंगे वाटून घेतात आणि मग हार्मोनियम-पखवाजाच्या साथीने सारे संवाद उभ्या उभ्या रचले जातात. लिहिलेली संहिता नसतेच. लंडनच्या त्या नियमात दशावतारातील संकासुराला तोंड उघडता आले नसते. नाटक कागदावर पूर्ण होते असे मानणाऱ्यालाच पूर्वपरीक्षण शक्य वाटते, आणि माझ्या मते या पद्धतीचा मूळ दोष तोच आहे.

टायनन १९५४ पासून ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात परीक्षणे लिहीत होते आणि १९६३ मध्ये नॅशनल थिएटरचे साहित्य-व्यवस्थापक, म्हणजे नाटकांच्या निवडीत सल्ला देणारे, झाले. १३ नोव्हेंबर १९६५ रोजी थेट प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमात, लैंगिक संबंध दाखविणारे नाटक तुम्ही कराल का, या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी छापता न येणारा शब्द उच्चारला आणि संसदेत त्याविरुद्ध ठराव मांडले गेले. गाजला तो शब्द; तथापि त्यांची कसोटी लागली ती १९६७ मध्ये. युद्धकाळातील चर्चिल यांच्यावर आरोप सुचविणारे जर्मन नाटककार रोल्फ होखहुथ यांचे नाटक त्यांना करावयाचे होते. ते नाकारले नॅशनल थिएटरच्याच नियामक मंडळाने, ज्याचे अध्यक्ष लॉर्ड चँडोस हे चर्चिल यांच्या युद्धकालीन मंत्रिमंडळात होते. सरकारी पेन्सिल उचलण्याआधीच घरच्यांनी कात्री चालविली होती. पुढे १९६८ च्या कायद्याने लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार संपला आणि त्याच वर्षअखेरीस टायनन यांनी ते नाटक लंडनच्या दुसऱ्या रंगमंचावर आणले.

मराठी रंगभूमीचा इतिहास याच पेन्सिलीच्या वसाहती आवृत्तीचा आहे. बंगाली रंगभूमीवर ब्रिटिश युवराजाच्या भेटीची थट्टा झाल्यानंतर सरकारने १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातील कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये त्याच कायद्याखाली ते बंद झाले. दशावतारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली महाभारतातील कथाही छापील संहितेच्या रूपात राजद्रोही ठरू शकते, हे यातून दिसले.

स्वातंत्र्यानंतर राज्यात नाटकांच्या संहिता प्रयोगाआधी तपासणारे परिनिरीक्षण मंडळ आले. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये मंडळाने अनेक काटछाटी सुचविल्या, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पूर्वपरीक्षणाच्या नियमांनाच आव्हान देणारी याचिका अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये केली. १८७६ चा कायदा केंद्राने २०१८ मध्ये रद्द केला. मंडळ त्याहून निराळ्या, राज्याच्या नियमांवर उभे असल्यामुळे राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता घेऊन निघालेल्या रत्नागिरीच्या हौशी संस्थेला प्रयोगाआधी मंडळाचे प्रमाणपत्र मिळवावेच लागते.